ताफ्याबरोबर बाहाला

सॅन दिएगोत इतकी वर्षं काढूनही मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात आम्ही एन्सेनादाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. एन्सेनादापर्यंत कुणीही जातं. शनिवारी सकाळी निघायचं, माशाचे टाको खायचे, रविवारी परत. त्याच्या खाली मात्र वाळवंटाची लांबच लांब पट्टी आहे. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कोर्तेसचा समुद्र आणि टोकापर्यंत नेणारा मुख्य रस्ता एकच, मेक्सिको १. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर. तो १९७३ साली पूर्ण झाला आणि बऱ्याच ठिकाणी त्याची रुंदीही अजून तेव्हाचीच आहे.

नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनं, चोवीस फुटी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलं होतं. बाहाच्या खाजणांत विणीला येणारे करडे देवमासे (ग्रे व्हेल) बघायची हौस माझी, रस्त्याची धास्ती त्याची. मग दोघांचंही राहावं म्हणून ताफ्याने जायचं ठरलं. अमेरिकेत आणि कॅनडात आरव्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे अशा राहत्या गाड्यांचा ताफा, हा एक रुळलेला प्रकार आहे. पैसे भरायचे, सगळ्यांनी आपापलं मोटरहोम किंवा ट्रेलर घेऊन सीमेजवळ जमायचं आणि पुढे रांगेने निघायचं. सगळ्यात पुढे वॅगनमास्टर, म्हणजे रस्ता पाठ असलेला माणूस. सगळ्यात मागे टेलगनर, म्हणजे अवजारांची पेटी, जॅक आणि अफाट सहनशक्ती बाळगणारा माणूस. मुक्कामाच्या जागा, बोटी, काही जेवणं असं सगळं आधीच ठरलेलं. दर गाडीमागे काही हजार डॉलर जातात, तेव्हा स्वस्तात पडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

आमच्या ताफ्यात बहुतेक जण सत्तरीच्या आसपासचे, निम्मे कॅनडातले. भारतीय आम्ही दोघंच. चाळीस फुटी बसएवढी मोटरहोम्स आणि त्यांच्या मागे दोरीला बांधल्यासारख्या ओढत आणलेल्या जीपा. आमची गाडी त्यांत अगदीच बारकी दिसायची. पुढे हे बारकेपणच कामी आलं.

कागदपत्रांचं थोडं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पहिली गोष्ट, भाड्याची आरव्ही घेऊन जाण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या. बहुतेक भाड्याच्या कंपन्या गाडी मेक्सिकोत नेऊच देत नाहीत. अमेरिकेतला विमा सीमेपलीकडे चालत नाही, मेक्सिकन कंपनीचा वेगळा घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पण त्याची छापील प्रत जवळ हवी. बाहा द्वीपकल्पापुरती गाडीची तात्पुरती आयात-परवानगी लागत नाही, ती पुढे मुख्य भूमीवर गेलात तर लागते. माणसांसाठी एफएमएम नावाचा पर्यटक-परवाना. नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, पण ग्रीन कार्ड असलं किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असला तरी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. औषधं मूळ बाटलीतच न्यावीत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बंद आहेत. ताफ्याच्या यादीत ही ओळ लाल अक्षरांत होती.

तेकातेची सीमा तिहुआनापेक्षा निवांत. गाड्या एकामागून एक आत गेल्या, प्रत्येक गाडीत एक अधिकारी चढून कपाटं उघडून बघून उतरला, मग रस्त्याच्या कडेला गाड्या लावून परवान्यांवर शिक्के मारून घ्यायला सगळे चालत गेलो. ग्वादालुपे खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांमधून एन्सेनादाला पोचेपर्यंत रेडिओवर थट्टामस्करी चालू होती. एन्सेनादाच्या खाली ती बंद झाली.

त्या रस्त्याला बाजूपट्टी नाही. डांबराची कड संपली की सरळ हातभर खाली खडी. समोरून अठरा चाकी ट्रक येतो, तेव्हा तुमचा आरसा आणि त्याचा आरसा यांच्यात वीतभर जागा उरते, कधी तेवढीही नाही. आमच्या ताफ्यातल्या एका मोठ्या गाडीचा डावा आरसा पहिल्याच मोठ्या टप्प्यात गेला. ट्रकवाला थांबला नाही आणि थांबायला जागाही नव्हती. टेलगनरने चिकटपट्टीने आरसा बांधून दिला आणि तो तसाच शेवटपर्यंत टिकला.

इथे ताफ्याचं मोल कळतं. सगळ्या गाड्या एकत्र कधीच निघत नाहीत. चार-पाचांचे गट करून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने सोडतात, नाहीतर मागच्या ट्रकवाल्यांना ओलांडणं अशक्य व्हावं. गटातली पहिली गाडी रेडिओवर सांगत जाते: ‘मोठा ट्रक, रुंद आहे’, ‘वळणावर गाय’, ‘पुढे टोपे’. टोपे म्हणजे गतिरोधक. गावाच्या वेशीवर असतात, पाटी असेलच असं नाही. त्याहून वाईट ते वादो. रस्ता अचानक कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरतो आणि पुन्हा वर चढतो. चाळीसच्या वर वेग असेल तर आतली भांडी कपाटातून बाहेर. पुढचा ट्रक डावा दिवा लावतो तेव्हा बहुतेक वेळा ‘रस्ता मोकळा आहे, जा पुढे’ असं त्याचं म्हणणं असतं. अमेरिकन मंडळींना याची फार भीती. नवऱ्याने मुंबई-गोवा रस्त्यावर ऐन पावसाळ्यात गाडी चालवलेली, त्यामुळे ही भाषा त्याला पहिल्या तासातच कळली. पण तोही रात्री गाडी चालवायला तयार नव्हता. तिथे कुणीच तयार नसतं. अंधारात डांबराच्या उबेसाठी गुरं रस्त्यावर येऊन बसतात.

सान किंतिनला ताफ्याच्या कार्यक्रमातला पहिला ‘ग्रामीण थांबा’ होता. स्ट्रॉबेरी आणि टोमॅटोचा हा पट्टा. मैलोन् मैल जाळीदार शेडनेट, आत ठिबक सिंचन, आणि पिकलेला माल बराचसा अमेरिकेतल्या दुकानांत. एका शेतावर आम्हाला नेलं, टोप्या दिल्या, ताज्या स्ट्रॉबेरी खाऊ घातल्या, फोटो झाले. स्ट्रॉबेरी खरंच गोड होत्या. पण ओळीत वाकून तोडणी करणाऱ्या, डोळ्यांखेरीज सगळा चेहरा रुमालाने बांधलेल्या बायांशी बोलायची सोय त्यात नव्हती. तिथले मजूर बरेचसे दक्षिणेकडच्या ओआहाकातून आलेले, मिश्तेको आणि त्रिकी समाजांतले. २०१५ च्या मार्चमध्ये याच खोऱ्यात हजारो मजुरांनी मजुरीसाठी संप करून हमरस्ता अडवला होता. आमच्या गाईडला विचारलं तर तो म्हणाला, हो, झालं होतं तसं, आणि बसकडे वळला. चाळीस-एक म्हातारे पर्यटक एकदम शेतात उतरले की शेतही त्यांच्यासाठी मांडून ठेवल्यासारखं होतं. ताफा रस्त्यासाठी चांगला, मुक्कामासाठी नाही, हे माझं मत तिथे बनायला लागलं.

एल रोसारिओला टाकी काठोकाठ भरून घ्यायची, हा बाहाचा जुना नियम. पुढे सुमारे ३०० किलोमीटर भरवशाचा पंप नाही. मध्ये काताविन्याला रस्त्याकडेला पिंप आणि कॅन मांडून पेट्रोल विकणारे बसतात, भाव अर्थात त्यांचा. आमचं मोटरहोम लिटरला जेमतेम चार किलोमीटर देतं, त्यामुळे नवरा काट्याकडे आणि मी बाहेर बघत होते. काताविन्याच्या आसपास घराएवढ्या गोल धोंड्यांचा माळ आहे. त्यांच्यामधून कार्दोन, म्हणजे दहा-बारा मीटर उंचीचे खांबासारखे निवडुंग, आणि सिरिओ. सिरिओ हे झाड निसर्गाने उलटं लावलंय असं वाटतं. वर निमुळतं होत जाणारं पांढुरकं खोड, फांद्या म्हणाव्यात तर नुसत्या काटक्या. जवळजवळ फक्त बाहातच होतं. पलीकडे सोनोराच्या किनाऱ्यावर एक छोटी पट्टी सोडली तर कुठेच नाही.

वाटेत लष्कराच्या चौक्या. पोरसवदा शिपाई, खांद्यावर रायफल, वागणं मात्र अदबीचं. कुठून आलात, कुठे निघालात, आत बघू का? एका चौकीवर आमच्या गाडीत चढलेल्याने नेमका किचनचा वरचा कप्पा उघडला. त्यात भाजणी, तांदळाचं पीठ, मेतकूट, सगळं घरच्या झिपलॉक पिशव्यांत. पांढऱ्या, पिवळ्या, करड्या पुड्या ओळीने. तो पिशव्यांकडे बघतोय, मी त्याच्याकडे. ‘कोमिदा, कोमिदा’ (खायचं आहे) म्हणत मी मेतकुटाची पिशवी उघडून चिमूटभर तोंडात टाकली. त्याने हिंगाची डबी उचलली, झाकण काढून नाकाशी नेली आणि मान इतक्या जोरात मागे घेतली की टोपी कपाटाला आपटली. मग त्याने खालच्या मित्राला हाक मारून वर बोलावलं आणि त्यालाही हुंगायला लावलं. दोघं हसत उतरले. मागच्या कॅनडाच्या गाडीची तपासणी झालीच नाही, म्हणजे हिंगाचा फायदा आमच्या मागच्यांनाही झाला. पिठं मात्र दुकानाच्या बंद पाकिटातच न्यावीत असं माझं सांगणं राहील.

अठ्ठावीसाव्या अक्षांशावर राज्य बदलतं, बाहा कॅलिफोर्निया सुर सुरू होतं, हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. तिथे शेतीखात्याची चौकी आहे. आमची लिंबं गेली, कुणाचे बटाटे गेले, आणि थोडे पेसो घेऊन गाडीच्या चाकांवर औषध फवारलं.

लगेच पुढे ग्वेरेरो नेग्रो. गावाचं नाव इथे फुटलेल्या ब्लॅक वॉरियर नावाच्या जहाजावरून पडलेलं. देवमाशांच्या तेलाच्या मागावर आलेल्या शिकारी जहाजांपैकीच ते एक. देवमासे ज्या खाजणात येतात त्याला इंग्रजी नकाशांत स्कॅमनचं लगून म्हणतात; चार्ल्स स्कॅमन हा कप्तान १८५७ साली आत शिरला आणि विणीला आलेल्या माद्यांची कत्तल सुरू झाली. पिल्लाला भाला लागला की आई बोट फोडायची, म्हणून शिकाऱ्यांनी या देवमाशाला ‘डेव्हिलफिश’ म्हणायला सुरुवात केली. शतक संपेपर्यंत शिकार परवडावी इतकेही उरले नव्हते. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर व्यापारी शिकार कायमची थांबली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोने हे खाजण देवमाशांसाठी राखीव केलं, आणि १९९३ मध्ये ते, सान इग्नासिओच्या खाजणासकट, जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आजही त्याला लागूनच जगातलं सगळ्यात मोठं मिठागर आहे. वर्षाला लाखो टन मीठ निघतं आणि बार्जमधून सेद्रोस बेटावर जातं, कारण मोठी जहाजं तिथेच लागतात. मिठागराच्या सपाट पांढऱ्या चौकोनांमधून चाललेले अजस्र ट्रक बघताना उरण-भाईंदरची मिठागरं पाहिलेल्या माणसाला आकाराचाच काही अंदाज येईना.

तिथल्या खाजणात पहिल्यांदा बोटीत बसलो. वारा सुटला होता, अंगावर पाणी, लांब दोन-चार फवारे, एक शेपटी. ताफ्यातले काही जण किनाऱ्यावर येऊन म्हणाले, झालं, पाहिला देवमासा. मी काही बोलले नाही.

सान इग्नासिओ हे खरं ठिकाण. वाळवंटातून येता येता एकदम हजारो खजुरीची झाडं आणि हिरवं पाणी दिसतं. खजूर जेझुइट पाद्र्यांनी आणलेला. त्यांनी इथे १७२८ साली मिशन थाटलं, आणि आताचं दगडी चर्च त्यांच्यामागून आलेल्या डोमिनिकन लोकांनी १७८६ मध्ये पुरं केलं. चौकात ‘लॉरेल दे ला इंदिया’ची दांडगी झाडं आहेत, वडाच्या कुळातली, आपल्याकडे त्यांना नांदरूक म्हणतात. भर दुपारी त्यांच्या सावलीला बाकावर बसून खजुराची एम्पानादा खाल्ली. ताफ्यातल्या कुणालाच त्या झाडांचं काही नव्हतं, आम्हीच उगाच भारावलो.

खाजण गावापासून साठेक किलोमीटर. रस्ता बराचसा डांबरी झालाय, पण शेवटचा तुकडा धुळीचा आणि असा खडबडीत की दात वाजतात. मोठी मोटरहोम्स तिथे जात नाहीत. त्यामुळे बहुतेक मंडळी गावाजवळच्या आरव्ही पार्कात राहिली आणि त्यांना व्हॅनने सकाळी नेऊन दुपारी परत आणायचं ठरलं. लहान गाड्यांना मात्र मुभा होती: हिंमत असेल तर खाजणाच्या काठी जाऊन राहा. आमच्यासकट चार गाड्या निघाल्या. कॅनडातली एक जोडी, सस्कॅचेवानमधले निवृत्त शेतकरी, आमच्या मागे होते. धूळ इतकी की त्यांनी रेडिओवर सांगितलं, आम्ही तुम्हाला बघत नाही, नुसता वास घेत येतोय.

काठावर वीज नाही, पाणी नाही. एका मच्छीमार कुटुंबाचा कॅम्प, प्लायवूडच्या खोल्या, एक मोठं जेवणघर आणि पत्र्याचे संडास. गाडी वाऱ्याकडे नाक करून लावायची, नाहीतर रात्रभर डोलत राहते. सोलर पॅनेलवर दिवे आणि पंप चालला. हीटर लावला असता तर बॅटरी संपली असती, म्हणून दोन दुलया. रात्री दार उघडून उभी राहिले तर पाण्यावरून फुस्स, थोड्या वेळाने पुन्हा फुस्स. ते श्वास इतक्या जवळून येत होते की नवरा बॅटरी घेऊन काठापर्यंत जाऊन आला.

सकाळी पांगा. पांगा म्हणजे सहा-सात मीटर लांबीची फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन. जॅकेटं घातली, आधी नियम. खाजणाच्या आतल्या, उथळ भागात माद्या पिल्लांना घेऊन असतात, तिथे होड्यांना बंदी. तोंडाशी ठरवून दिलेल्या पट्ट्यातच थांबायचं, एका वेळी मोजक्याच होड्या, प्रत्येकीला दीड तास. पाठलाग करायचा नाही. देवमासा स्वतः आला तर हात लावायला हरकत नाही, पण डोळा, नाकपुड्या आणि शेपटी यांना नाही. आमचा पांगेरो, म्हणजे होडीवाला, चाळिशीतला, बाकीचं वर्ष मासेमारी करणारा. पट्ट्यात पोचल्यावर त्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं, बंद केलं नाही. म्हणाला, आवाज चालू राहिला की त्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. मग तो मागे रेलून बसला आणि आम्हाला म्हणाला, पाण्यात हात हलवा.

बराच वेळ काही नाही. आठ म्हातारी माणसं काठावरून वाकून पाण्यात हात मारतायत. दुसऱ्या होडीतले तर गाणी म्हणत होते.

मग होडीच्या खालून काहीतरी फिकट सरकलं आणि सरकतच राहिलं. एवढं लांब काही जिवंत असू शकतं हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. पूर्ण वाढलेली मादी तेरा-चौदा मीटरची, म्हणजे होडीच्या दुप्पट. ती एका बाजूने वर आली, फवारा उडाला आणि आमच्या चष्म्यांवर बारीक थेंब बसले. वास मासळीबाजार बंद झाल्यावर येतो तसला. डोक्यावर आणि पाठीवर बार्नॅकलचे, म्हणजे कातडीला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांचे, पांढरे पुंजके, त्यांच्या कडेने नारिंगी, वळवळणारे व्हेल-लाइस, देवमाशांच्या उवाच. शेपटीच्या एका कडेला समांतर ओरखडे होते. ‘ओर्का,’ पांगेरोने नुसता शब्द टाकला. उत्तरेला परतताना पिल्लांवर ओर्कांचे, म्हणजे ‘किलर व्हेल’चे, हल्ले होतात, हे नंतर त्याने सांगितलं.

पिल्लू तिच्या पलीकडे होतं. ती त्याच्या खाली गेली आणि पाठीने त्याला उचलून आमच्याकडे ढकललं. मी हे वाचलेलं होतं आणि मला ते पर्यटकांना सांगायची गोष्ट वाटायची. पण तिने ते पुन्हा केलं, आणि तिसऱ्यांदा पिल्लाचं डोकं होडीच्या काठाला घासलं. माझा हात त्याच्या जबड्यावर होता. कातडी फ्रिजमधून काढलेल्या वांग्यासारखी, गार, गुळगुळीत, दाबलं तर जराशी आत जाणारी. मध्येच एक ताठ केस लागला. त्यांच्या जबड्यावर असे विरळ केस असतात, हे माहीत असूनही मी दचकले. पिल्लाने कूस बदलली आणि एक डोळा पाण्याबाहेर आला, तपकिरी, सुरकुत्यांच्या पापणीतला. त्याने बघितलं की नाही, कोण जाणे. माझ्या शेजारचा सस्कॅचेवानवाला, आयुष्यभर गुरं राखलेला माणूस, हमसून रडत होता आणि त्याची बायको त्याचा शर्ट धरून बसली होती, तो पाण्यात जाऊ नये म्हणून.

जन्मताच साडेचार मीटरचं हे पिल्लू आईच्या दुधावर वाढतं, आणि त्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते. आई मात्र इथे जवळजवळ उपाशी असते. तिचं खाणं आर्क्टिककडच्या समुद्रतळाच्या चिखलात, आणि येण्याजाण्याचा रस्ता वर्षाला १६ ते २० हजार किलोमीटरचा. ते खाणंच आता कमी पडतंय. २०१६ मध्ये उत्तर प्रशांताच्या पूर्वेकडचे हे देवमासे सुमारे २७ हजार होते. २०२५ चा अंदाज १३ हजारांच्या आसपास. २०१९ पासून किनाऱ्यांवर मेलेले, खंगलेले देवमासे लागायला लागले. बर्फ आटल्यामुळे समुद्रतळाचं अन्न बदललं, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. पांगेरो आकडे सांगत नव्हता. तो एवढंच म्हणाला की पूर्वी या दिवसांत पिल्लांच्या मध्ये होडी घालायला जागा शोधावी लागायची.

१९७२ पर्यंत इथले मच्छीमार या देवमाशांना घाबरून असत, होडीच्या तळावर वल्हं आपटून त्यांना दूर ठेवत. त्या वर्षी फ्रान्सिस्को ‘पाचिको’ मायोरल नावाच्या मच्छीमाराच्या होडीशी एक देवमासा येऊन थांबला, हलेना, शेवटी त्याने हात लावला. तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे याच खाजणावर आणखी एक अवाढव्य मिठागर बांधायची योजना आली. बरीच वर्षं भांडण चाललं आणि २००० साली राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी ती रद्द केली. कॅम्पच्या जेवणघरात याची आठवण निघाली की आवाज चढतात. काहींच्या मते मिठागर आलं असतं तर बारमाही नोकऱ्या आल्या असत्या. देवमासे चार महिन्यांचे, पोट बारा महिन्यांचं. मिठागर झालं नाही हे मला बरंच वाटतं, पण मी तिथे चार महिन्यांच्या बाजूची पाहुणी होते.

दुपारी ताफ्याच्या व्हॅन आल्या. बाकीचे सगळे घाईघाईने जेवून होड्यांत बसले, वारा वाढलेला होता, दीड तासाने भिजून परतले आणि लगेच गावाकडे गेले. देवमासे त्यांनाही भेटले, तक्रार नव्हती. आम्ही चार गाड्या आणखी एक रात्र राहिलो.

पुढचा बेत ताफ्याच्या यादीत नव्हताच. सान इग्नासिओच्या उत्तरेला सिएरा दे सान फ्रान्सिस्कोत हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रं आहेत. त्यासाठी चर्चशेजारच्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात नाव नोंदवून परवानगी घ्यावी लागते आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचा. कॅनडाच्या जोडीची ओढत आणलेली जीप होती. आम्ही चौघं तीत बसलो. घाटात रस्ता इतका अरुंद की समोरून बकऱ्यांचा कळप आला तेव्हा आम्हालाच मागे जावं लागलं. रातोन गुहा रस्त्यापासून फार लांब नाही. छताला आणि भिंतीला लाल-काळ्या रंगातली, हात वर केलेली माणसं, हरणं, एक प्यूमा. माणसं खरोखरीच्या उंचीची. इतक्या वर ती कशी काढली असतील, यावर सस्कॅचेवानवाल्याने परांची आणि शिडी यांचे बरेच तर्क लढवले.

वाटाड्याने परतताना त्याच्या वहिनीच्या घरी नेलं. दगडमातीचं घर, खजुराच्या झावळ्यांचं छप्पर, दारात बकऱ्यांचा गोठा. पाणी दूरच्या झऱ्यावरून काळ्या रबरी पाइपने येत होतं. पाइप जमिनीवरून, खडकांवरून, काही ठिकाणी निवडुंगांवर टेकवून आणलेला. दुपारी तो तापतो, म्हणून आंघोळ दुपारी आणि प्यायचं पाणी पहाटे भरायचं. बाई चीज करत होती. सकाळचं दूध, त्यात ते गोठवणारं रेनेट, दही लागल्यासारखं झालं की कापडात बांधून लाकडी साच्यात, वर दगड. नवरा शाकाहारी, त्याने रेनेट कशाचं ते विचारलं. तिने कोकराच्या वाळवलेल्या पोटाचा तुकडा आणूनच दाखवला. त्याने चीज खाल्लं नाही, आणि फ्रिहोलेसमध्येही (शिजवलेल्या घेवड्यात) चरबी होती, म्हणून कॉफीवर भागवलं. बाई अस्वस्थ झाली. पाहुणा उपाशी जातोय हे तिला खपेना. शेवटी तिने पोळपाटही न घेता, नुसत्या हातावर पीठ ताणत नवीन टोर्तिया केल्या, चरबीऐवजी तेल घालून, आणि वर मिरची ठेचून दिली. मेक्सिको म्हटलं की मका, आणि मराठी माणसाला मक्यावर तिथेच संशोधन केलेले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आठवावेत. पण उत्तरेकडे, बाहात, टोर्तिया गव्हाची. नवऱ्याने सहा खाल्ल्या. पैसे फक्त चीजचे घेतले, जेवणाचे घेईना. वीस गाड्या दारात आल्या असत्या तर तिने काय केलं असतं?

सांता रोसालियात ताफ्याला पुन्हा गाठलं. फ्रेंच तांब्याच्या कंपनीने वसवलेलं लाकडी घरांचं गाव, लोखंडी पत्र्यांचं चर्च, ते गुस्ताव आयफेलचं असल्याची आख्यायिका, आणि एक जुनी बेकरी. पाव ठीक. गावाच्या अलीकडे समुद्राकडे उतरणारा घाट मात्र लक्षात राहण्यासारखा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापवू नका, असं रेडिओवर वॅगनमास्टर प्रत्येकाला स्वतंत्र सांगत होता.

मग बाहिया कोन्सेप्सिओन. निळं, उथळ पाणी, झावळ्यांच्या मांडवाखाली थेट वाळूत गाडी, रोजचं थोडं भाडं. सकाळी मच्छीमार शिंपल्या आणि कोळंबी घेऊन दारात. इथे ताफा अगदी शोभला. सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडल्या, कुणी गिटार काढली, मी कोळंबीचं खडखडलं केलं आणि ते चाळीस जणांत चमचा-चमचा वाटलं. फक्त किनाऱ्यावर मैलापाण्याची टाकी रिकामी करायची सोय नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. चौथ्या दिवशी रोमँटिक काही उरत नाही, सगळे टाकीचा काटा बघत बसतात. पिण्याचं पाणी जवळच्या मुलेहे गावातून वीस लिटरच्या गार्राफोनमधून, म्हणजे मोठ्या बाटल्यांतून, आणायचं, भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा.

लोरेतोला, मेक्सिकोतल्या आणि अमेरिकेतल्या अशा दोन्ही कॅलिफोर्नियांतल्या पहिल्या कायम मिशनच्या गावी, ताफ्याचा शेवटचा जेवणसमारंभ झाला. परतीला ज्याचं त्याने यायचं होतं. आम्ही आणि सस्कॅचेवानवाले दोन गाड्यांनी आलो, रेडिओ तोच. रस्ता येतानाइतकाच अरुंद होता, पण आता वळणं ओळखीची झाली होती. चौकीवर हिंग ओळखणारा कुणी भेटला नाही.

पुढच्या हिवाळ्याचं त्यांच्याशी बोलणं चालू आहे. चार गाड्यांच्या वर नको, यावर एकमत आहे. चाकांच्या पंक्चरला गावोगावी यांतेरा, म्हणजे टायरची दुकानं, आहेत आणि हमरस्त्यावर ०७८ लावलं की बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारे सरकारचे ग्रीन एंजल्स येतात. तारखांवर अडलंय. मला मार्चअखेर हवा, तेव्हा नर निघून गेलेले असतात आणि पिल्लं धीट झालेली असतात. त्यांना तोवर परत जाऊन पेरणीच्या तयारीत मुलाला मदत करायची असते. निवृत्त शेतकरी म्हणजे काय, ते कळलं.